बरंय म्हणून उठू नकोस

तुलाही माझ्यासारखाच ल्युकेमिया निघाला, तेव्हा आत्याच्या काही गोष्टी ऐकून ठेव. पहिली गोष्ट डॉक्टरांसमोर कसं बसायचं याची. ओपीडीत नंबर लागेपर्यंत सकाळ संपते आणि आत गेल्यावर मिळतात पाच मिनिटं. डॉक्टर फाइल उघडतात, आजार किती उरलाय ते सांगणारा पीसीआरचा आकडा बघतात, ‘छान आहे, कसं वाटतंय?’ म्हणतात. आपण ‘बरंय’ म्हणतो आणि उठतो. रिक्षात बसल्यावर मग एकेक आठवायला लागतं: रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, संध्याकाळी जिना चढवत नाही. पोरी, हे सांगायलाच तर आपण गेलो होतो.

डॉक्टरांचा यात दोष नाही. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात आणि त्यांतल्या काहींचं दुखणं कालपरवा कळलेलं असतं. त्यांच्यापुढे आपण सुखी प्राणी. म्हणून आदल्या रात्री एका चिठ्ठीवर तीनच तक्रारी लिहायच्या, आणि जी सगळ्यात जास्त छळते ती वर. शेवटी लिहिलेली तक्रार सांगायची राहतेच, कारण तोवर डॉक्टर पुढची फाइल ओढतात. आणि लिहिताना ‘थकवा येतो’ एवढंच लिहू नकोस. थकवा कुणाला येत नाही? ‘दुपारी तीननंतर ऑफिसात डोळे मिटायला लागतात, आठवड्यातून चार दिवस, त्यामुळे संध्याकाळची मीटिंग घेणं सोडलं’ असं लिही. कोणतं काम बंद पडलं ते सांगितलं की डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतात. हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आकडा सांभाळणं हे डॉक्टरांचं काम, आणि ते ते करतात. बाकीचा दिवस आपल्याला सांभाळायचा असतो. आकडा चांगला आणि दिवस वाईट, असं होऊ शकतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि कृतघ्नपणाही नाही. घरातले म्हणतील, ‘जीव वाचलाय, आता कुरकुर कसली?’ म्हणू देत. वाचलेला जीव चाळीस वर्षं चालवायचा तर त्याची देखभाल नको का?

चाळीस वर्षं हा शब्द मी मुद्दाम वापरते. तुझ्या आजोबांच्या काळात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झाला की डॉक्टर चार-पाच वर्षांपलीकडचं बोलत नसत. परळच्या ज्या टाटा हॉस्पिटलात आपण दोघी तपासून आलो, ते दोराबजी टाटांच्या मनात आलं त्याला त्यांच्या पत्नी मेहेरबाईंचं जाणं कारणीभूत होतं. 1931 साली त्या ल्युकेमियानेच गेल्या. हॉस्पिटल उघडलं 1941 साली. एवढ्या श्रीमंत घरातही तेव्हा उपाय नव्हता. 2001 साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मंजुरी मिळाली आणि सगळं फिरलं. ज्या पहिल्या मोठ्या अभ्यासावर ही गोळी उभी राहिली, त्यातले 83 टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते. मला 2004 साली निदान झालं तेव्हा मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या घरात सांगत, आणि हैदराबादच्या नॅटकोची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला तेही जड होतं, पण पेलवलं. मूळ कंपनीने पेटंटसाठी पार सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण नेलं आणि 1 एप्रिल 2013 ला ती हरली. त्या दिवशी आपल्या घरी श्रीखंड होतं, तुला आठवत असेल. तू शाळेत होतीस आणि तुला वाटलं गुढीपाडवा लवकर आला.

आता गोळीचं. चारशेची इमॅटिनिब दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची. चहा-बिस्किटावर नाही. ऑफिसला निघताना एक पाय चपलेत आणि हातात गोळी, असंही नाही. पोटात अन्न हवं आणि वर मोठा पेलाभर पाणी हवं, नाहीतर मळमळ ठरलेली. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. मी रात्रीच्या जेवणात घेते, शेवटच्या भाताच्या आधी. तुझ्या हॉस्टेलवजा फ्लॅटमध्ये रात्री कोण काय खातं देवाला ठाऊक. डबा दुपारचा नीट असेल तर दुपारी घे. वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच ठेव.

उपवासाचं विचारशील म्हणून सांगते. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांत साबुदाण्याची खिचडी आणि ताक हे जेवणच आहे, गोळी खुशाल घे. हरतालिकेचा निर्जळी उपवास मात्र आपल्यासाठी नाही. मी तो निदानाच्या वर्षीच सोडला. तुझी आजी आठवडाभर बोलली नाही, मग स्वतःच वरीचा भात करून घेऊन आली.

राहिलेल्या गोळीचा नियम असा: आज विसरलीस तर उद्या दोन घ्यायच्या नाहीत. उद्या एकच. उलटी झाली तर पुन्हा घ्यायची की नाही ते फोन करून विचारायचं. पण विसरायचंच नाही, आणि त्यासाठी मनावर भरवसा ठेवायचा नाही. मी स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहिते. तू मोबाइलवर गजर लाव. गजर बंद करून ‘दोन मिनिटांत घेते’ म्हणायची सवय लागली तर मात्र गजराचा उपयोग संपला.

‘एखादी राहिली तर काय होतं?’ असं तू मला गेल्या दिवाळीत विचारलं होतंस. तेव्हा घरात पाहुणे होते, आता नीट सांगते. आपल्या बोनमॅरोतल्या काही पेशींत नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले आहेत. 1960 साली फिलाडेल्फियात ते बुटकं गुणसूत्र पहिल्यांदा दिसलं, म्हणून त्याचं नाव फिलाडेल्फिया क्रोमोसोम. त्यामुळे पेशीला ‘वाढत राहा’ असा हुकूम सतत सुटत राहतो, बिघडलेल्या नळासारखा. गोळी तो नळ दुरुस्त करत नाही. ती बोटाने तोटी दाबून धरते. बोट निघालं की धार सुरू. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात 87 रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात चिप बसवून बघितलं, कोण किती नेमाने गोळी घेतो ते. 2010 साली ते छापून आलं. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत जवळजवळ सगळ्यांचा आकडा हव्या त्या पातळीला उतरला होता. नव्वद किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत तीस टक्क्यांनाही ते जमलं नाही. आणि नव्वद टक्के म्हणजे किती? महिन्याला तीन गोळ्या राहिल्या की झाले नव्वद. तीन! एका लग्नाच्या गडबडीत तीन राहतात.

स्ट्रिप संपायला पंधरा दिवस असताना पुढची आणायची. कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये ज्यांच्या घरी साठा होता ते निवांत होते, बाकीचे पोलिसांना चिठ्ठी दाखवत फिरत होते. जेनेरिक घेतेस ते ठीकच आहे, मी आयुष्यभर तेच घेतलं. फक्त दर महिन्याला दुकानदार देईल ती वेगळी कंपनी घेऊ नकोस. एकीला धरून राहा, आणि बदलावी लागलीच तर वहीत तारीख लिही.

हे सगळं इमॅटिनिबपुरतं हं. पुढेमागे डॉक्टरांनी औषध बदललं तर माझे जेवणाचे नियम तिथल्या तिथे विसर. निलोटिनिब उलट रिकाम्या पोटी लागते, दिवसातून दोनदा, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी इमॅटिनिबच्या सवयीने ती जेवणाबरोबर घ्यायला सुरुवात केली होती. जेवणाबरोबर ती अंगात जास्त उतरते आणि हृदयाला त्रास होऊ शकतो. डासाटिनिब असेल तर धाप लागण्याकडे लक्ष ठेवायचं, कारण फुप्फुसाभोवती पाणी होऊ शकतं. आणि तिच्याबरोबर अॅसिडिटीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

अंगाच्या तक्रारी. पोटऱ्यांतले आणि बोटांतले गोळे हे आपल्या गोळीचं ठरलेलं देणं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटवून पोटऱ्या ताणायच्या. दिवसभर पाणी प्यायचं. रात्री गोळा आलाच तर पायाचा चवडा आपल्याकडे ओढायचा, किंचाळून घरच्यांना उठवायचं नाही. फारच वाढले तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम तपासून घ्यायचं. केमिस्टकडून मनाने पावडरी आणायच्या नाहीत. डोळ्यांखालची सूज रात्रीच्या मिठाने वाढते. लोणचं, पापड, हॉटेलची ग्रेव्ही दुपारी खा. उशी जरा उंच घे. सूज पायांवर आली, वजन आठवड्यात दोन-तीन किलो चढलं, तर ते मात्र चिठ्ठीची वाट न बघता लगेच कळवायचं.

आणि तू गोरी होशील. हसू नकोस, खरंच होतेस. ही गोळी रंग तयार करणाऱ्या पेशींना लागणारं एक वेगळं बटणही बंद करते, त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या माणसांची कातडी उजळते. लग्नकार्यात बायका मला विचारायच्या, ‘काय लावता हो?’ आपल्या लोकांना गोऱ्या रंगाचं एवढं कौतुक की तो ल्युकेमियाच्या औषधाने आला तरी हरकत नाही! उन्हात मात्र ही कातडी लवकर भाजते. छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन.

थकव्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण बाकी सगळं हळूहळू मवाळ होतं आणि हा एकटा मुक्कामाला राहतो. 2011 साली इटलीतल्या डॉक्टरांनी तीन वर्षांहून जास्त इमॅटिनिबवर असलेल्या, आकडा उत्तम असलेल्या 448 रुग्णांना विचारलं की बाबांनो, तुम्ही जगता कसे? यादीत थकवा सगळ्यात वर होता. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. साठीपुढचे रुग्ण त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांसारखेच जगत होते. चाळिशीच्या आतले मात्र आपल्या वयाच्या इतरांपेक्षा बरेच मागे होते, आणि बायकांना त्रास जास्त होता. म्हणजे माझ्या वयाच्या मैत्रिणी सगळ्याच गुडघे धरून बसतात, त्यांच्यात मी खपून जाते. तुझ्या मैत्रिणी राजगडावर जातात आणि तू रविवारी दुपारपर्यंत झोपतेस. तुझा त्रास माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी कबूल करते. ‘आत्याला बघ, एवढ्या वर्षांत कधी हूं का चूं केलं नाही’ असं तुझी आई म्हणाली तर तिला हे वाच म्हणावं.

थकव्याचं बिल लगेच गोळीच्या नावावर फाडायचं नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12, ड जीवनसत्त्व, साखर. माझ्या बाबतीत एकदा थायरॉइड निघाला आणि त्याची गोळी सुरू केल्यावर मी पुन्हा माणसात आले. झोप बघायची. मन बघायचं. रडू येत असेल, कशातच गोडी वाटत नसेल तर तो थकवा वेगळा, त्याला वेगळा डॉक्टर लागतो आणि त्याच्याकडे जाण्यात काही गैर नाही. हे सगळं ठीक असूनही उरला, तर डॉक्टरांशी डोसबद्दल बोलायचं. आकडा स्थिर असेल तर काहींचा डोस ते विचार करून कमी करतात. त्यांनीच करायचा, आपण अर्धी गोळी तोडून नाही.

आणि चालायचं. थकलेल्या माणसाला चाल म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण पडून राहिलेल्या दिवशी मी जास्त थकते आणि अर्धा तास चाललेल्या दिवशी कमी, हे वहीतच दिसतं. जड काम सकाळी, हलकं संध्याकाळी. पाहुणे असतील त्याच्या आदल्या दिवशी कपाट आवरायला काढायचं नाही. दिवाळीला चकली विकत आणायची. मी सरळ आणते, आणि विचारणाऱ्याला दुकानाचं नाव सांगते.

वहीचं सारखं म्हणते आहे, तर ती कशी ठेवायची ते सांगते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. एका पानावर फक्त पीसीआर: तारीख, लॅब, आकडा, तेव्हाचा डोस. आकडा ‘आयएस’ म्हणजे आंतरराष्ट्रीय मापात आहे ना ते रिपोर्टवर बघायचं आणि शक्यतो एकाच लॅबला चिकटून राहायचं. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात काही अर्थ नसतो. तिसऱ्या महिन्याला 10 टक्क्यांच्या खाली, वर्षाच्या आसपास 0.1 च्या खाली, अशी उतरण हवी. तुझी ती झाली आहे. 0.01 म्हणजे दहा हजारांत एक. एवढ्या खाली गेल्यावर आकडा एखाद्या वेळी थोडा हलतोच. 0.006 चा 0.012 झाला म्हणून रात्रभर जागायचं नाही. सलग दुसऱ्या वेळी वर गेला, 0.1 ओलांडला, तर मग विचारायचं, आणि पहिला प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा: गोळ्या राहिल्या होत्या का? खरं उत्तर डॉक्टरांना द्यायचं. ते रागावतील, पण खोटं ऐकून उगाच महागडं औषध बदलतील त्यापेक्षा ते बरं.

रिपोर्ट येण्याआधीचा आठवडा वाईट जातो. तो इतक्या वर्षांनंतरही जातो, त्यावर माझ्याकडे औषध नाही. मी त्या आठवड्यात मोठं काही ठरवत नाही आणि कुणाशी भांडत नाही, एवढंच. आलेल्या रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. तुझा काका शून्यं मोजत बसतो आणि चुकतो.

खाण्यापिण्याचं कुणी फार पथ्य सांगितलं तर हो म्हणावं आणि सोडून द्यावं. खरी बंदी थोडीच आहे. ग्रेपफ्रूट नाही, आणि त्याच कुळातलं पपनसही नाही. या फळांतलं द्रव्य शरीराचं औषध मोडायचं काम अडवतं, मग गोळीचं अंगातलं प्रमाण वाढतं. गणपतीत कोकणातून पपनस आलं की देवापुढे ठेव, प्रसाद दुसऱ्यांना वाट. संत्रं-मोसंबी खा. काढ्यांपासून लांब राहा. लोक गुळवेल आणून देतील, गव्हांकुराचा रस देतील, गोमूत्राची बाटली देतील, प्रेमाने देतील. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आपलं यकृत रोज एक गोळी रिचवतं, त्याला जादा काम कशाला? पॅरासिटामॉलसुद्धा वाट्टेल तेवढी नाही. दाताच्या डॉक्टरपासून केमिस्टपर्यंत प्रत्येकाला ‘मी इमॅटिनिबवर आहे’ हे वाक्य आधी सांगायचं, मग दुखणं. लस घेताना विचारायचं. फ्लूची इंजेक्शनची लस आपल्याला चालते, जिवंत जंतूंच्या लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. रक्तदानाच्या शिबिरात ऑफिसातले ओढतील. आपल्याला ते कायमचं बंद. ‘जमत नाही’ एवढं सांगून सरबत वाटायला उभं राहा.

आणि बाकीचं शरीर विसरू नकोस. ज्यांचा आकडा वर्षानुवर्षं उत्तम असतो ते पुढे बहुतेक ल्युकेमियाने जात नाहीत, इतरांसारखेच हृदयाने, साखरेने जातात. ब्लडप्रेशर बघ. पस्तिशीनंतर बायकांच्या तपासण्या कर. ‘माझा कॅन्सरचा कोटा संपला’ असं मी एकदा विनोदाने म्हटलं, तर डॉक्टर हसले नाहीत.

विमा. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे तोवर नोकरी बदलताना आधी जुन्या आजाराचं कलम वाच, पगार नंतर. स्वतःची पॉलिसी काढताना फॉर्मवर आजार लपवायचा नाही. एजंट म्हणेल ‘लिहू नका, कोण बघतं?’ क्लेमच्या दिवशी सगळे बघतात.

आता तुझ्या लग्नाचं, कारण घरात सगळे त्याच विषयाभोवती फेऱ्या मारत आहेत. तुझ्या आईचं मत आहे की साखरपुडा होईपर्यंत काही बोलू नये. माझं मत उलटं आहे आणि मी ते तिच्या तोंडावर सांगितलं आहे. रोज रात्री गोळी घेणारी बाई ती नवऱ्यापासून किती दिवस लपवणार? पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, होकार द्यायच्या आत, मुलाला स्वतः सांग. मध्यस्थाच्या तोंडून जाऊ देऊ नकोस, त्याच्या तोंडून ‘ब्लड कॅन्सर’ एवढेच दोन शब्द पोचतात. तीन वाक्यं पाठ कर: हा संसर्गाने होत नाही. हा आईबापाकडून आलेला नाही आणि मुलांकडे जाणार नाही, कारण बिघाड बोनमॅरोच्या पेशींत नंतर झालेला आहे. मी गोळी घेते आणि नोकरी करते. मग म्हणायचं, ‘शंका असेल तर माझ्या डॉक्टरांकडे चल.’ जो येईल त्याचा विचार करू. जो घरी विचारून सांगतो म्हणेल त्याला चहा देऊन निरोप द्यायचा.

मुलांचं खरं आहे ते सांगते. गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पहिल्या महिन्यांत गर्भाला व्यंग येण्याचा धोका असतो. अंगावर पाजतानाही ती चालत नाही. पण म्हणून मूल होणारच नाही असं नाही. आकडा काही वर्षं अगदी खाली राहिला की रक्ताचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकत्र बसून गोळी थांबवायचा काळ ठरवतात, दर महिन्याला पीसीआर करतात. हे आधी ठरवून करायचं असतं, पाळी चुकल्यावर धावपळ करून नाही. पुरुषांना इमॅटिनिबवर असताना बाप व्हायला सहसा आडकाठी नसते. हे आपल्याला कुणी बरोबरीने वाटून दिलेलं नाही, काय करणार.

गोळी कायमची थांबेल का, हा तुझा आवडता प्रश्न. थांबते, काहींची. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या 100 जणांची गोळी थांबवून पाहिली आणि 2010 साली लिहिलं: वर्षभराने 41 टक्के गोळीशिवाय ठीक होते. बाकीच्यांचा आकडा बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच वर आला, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर खाली गेला. मी त्या दुसऱ्या गटातली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली, पहिल्या महिन्यात सांधे असे दुखले की वाटलं चिकुनगुनिया झाला. गोळी सोडल्यावर काहींना ते होतं, कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. पावसाळा संपायच्या आत आकडा चढला. गोळी परत सुरू झाली त्याचं मला जेवढं वाईट वाटेल असं सगळ्यांना वाटत होतं, तेवढं वाटलं नाही. थांबवलेल्या काळात मी दर महिन्याच्या रिपोर्टसाठी जगत होते. गोळी आल्यावर पुन्हा भाजी, भिशी आणि तुझ्या काकाचं डोकं खाणं सुरू झालं. तू तरुण आहेस, तुझा हिशोब वेगळा, तू जरूर प्रयत्न कर. फक्त काही वर्षं गोळी, त्यातली निदान दोन वर्षं आकडा तळाला, दर महिन्याला पीसीआर करता येईल अशी लॅब, आणि डॉक्टरांचा होकार, यांतलं एक जरी नसेल तर नाही. स्वतःच्या मनाने सोडणं म्हणजे प्रयत्न नव्हे.

परळला एकटी जाणार असशील तर ‘मी एकटी जाते’ म्हणून मिरवू नकोस, पण प्रत्येक वेळी आईलाही ओढू नकोस. ती दोन दिवस आधीपासून उपाशी राहते. माझ्याबरोबर चल. मी अजूनही कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघते. तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि बरोबरच्या माणसाला पाऊण सवलत. हॉस्पिटलचा दाखला घेऊन खिडकीवरच काढावं लागतं. सवलत घ्यायला तुझ्या बाबांना कमीपणा वाटतो. मला नाही वाटत. वाटेत रुग्णांच्या मेळाव्यांबद्दलही सांगेन. 22 सप्टेंबरच्या सुमाराला होतात, नऊ आणि बावीस, कळलं ना का ते? तिथे तुझ्या वयाची मुलं भेटतील, माझ्याशी बोलण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

जर्मनीचं पोस्टिंग आलं आहे असं कळलं. जा. तीन महिने पुरतील एवढ्या गोळ्या, त्यातल्या सगळ्या हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात एकही नाही. डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, दुकानाची पावती आणि वहीच्या त्या पानाची इंग्रजीत एक प्रत. तिथे पोचल्यावर तिथल्या रात्रीच्या जेवणाबरोबर गोळी सुरू कर, पहिल्या दिवशी चार तास इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. एका दिवसात दोन झाल्या नाहीत एवढं बघ. पीसीआर तिथे करायचा की सुटी काढून इथे यायचं हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचार, तिथून मेसेज करून नको. ऑफिसात एका तरी माणसाला खरं सांगून ठेव. थंडीत गोळे जास्त येतात, निदान मला येतात, म्हणून लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. तुझ्या पावलाचं माप कळव, आणि आईला विचारू नकोस, तिला अजून तुझं शाळेतलंच माप आठवतं.